वाणीचा पलटलेला त्रिकोण

तुकोजीराव मास्तरांच्या वर्गाचा गणिताचा निकाल सलग पंचवीस वर्षं शंभर टक्के लागला, हे म्हैसुरात त्यांना ओळखणारा कुणीही सांगेल. मास्तर स्वतः मात्र सांगत नाहीत. पूर्वी सांगायचे, अगदी न विचारता सांगायचे, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही. गेली काही वर्षं कुणी तो विषय काढला की ते चष्मा पुसायला घेतात. पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसतात. त्या पंचवीस वर्षांत त्यांनी एका बरोबर उत्तराला शून्य दिलं होतं, आणि ते बरोबर आहे हे कळल्यावरही तोंड मिटून घेतलं होतं. एवढंच. पण त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाला जे छळतं ते बहुतेक एवढंच असतं.

मास्तरांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या घोडदळात चाकरीला आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, म्हणजे वाक्य मराठीत सुरू करतात आणि कन्नडमध्ये संपवतात. शिस्त आमच्या रक्तातच आहे, असं मास्तर म्हणायचे. त्यावर त्यांच्या पत्नी भागीरथीबाई म्हणायच्या, "होय तर. घोडा गेला, चाबूक तेवढा राहिला." मास्तरांना हे कौतुक वाटायचं.

लष्कर मोहल्ल्याजवळच्या एका कन्नड माध्यमाच्या हायस्कुलात ते शिकवायचे. शाळा कसली, खाली पत्र्याची दुकानं, मागे वेल्डिंगचा कारखाना, आणि त्या सगळ्या ठोकाठोकीवर मात करून वरच्या मजल्यावरून येणारा मास्तरांच्या वर्गाचा आवाज. भूमितीचा प्रत्येक सिद्धांत त्यांनी चार मथळ्यांत बसवला होता: दत्त, साधनीय, रचने, साधने. म्हणजे काय दिलंय, काय सिद्ध करायचंय, कुठली रेघ काढायची, आणि मग सिद्धता. प्रत्येक ओळीला नंबर. सात नंबरची ओळ सहाच्या आधी आली तर मार्क गेला. मुलं रोज प्रार्थनेनंतर उभी राहून हे एका सुरात म्हणायची. दोन त्रिकोण बाजू-कोन-बाजू या कसोटीने सारखे ठरतात, तिचं 'बाकोबा' हे लघुरूप आलं की वर्ग असा काही जोर लावायचा की मागच्या कारखान्यातला वेल्डर हातातलं काम थांबवून हसायचा.

यातली रचना म्हणजे मोठी गमतीची गोष्ट. आकृतीत नसलेली एखादी रेघ आपण होऊन काढायची, आणि ती नेमकी सापडली की अडलेलं सगळं सुटतं. भूमितीत पोरांनी स्वतःचं डोकं चालवावं अशी जागा ती. मास्तरांनी बरोबर तीच जागा बुजवून टाकली होती. रेघ कुठून कुठे काढायची हे त्यांनी नंबर घालून पाठ करून घेतलं होतं, आणि ती तिथेच का, हे विचारायची सोय ठेवली नव्हती. मास्तर दुष्ट नव्हते. पत्रेवाल्यांची, शिंप्यांची, हमालांची पोरं पास झाली पाहिजेत याची त्यांना तळमळ होती. तळमळ खरी होती म्हणूनच तिच्या आडून बरंच काही खपून गेलं, असं माझं मत आहे.

वाणी नववीत होती तेव्हाची गोष्ट. सत्तावीस वर्षं झाली त्याला. शाळेसमोरच तिचे वडील शंभूराव पत्र्याच्या ट्रंका करायचे. ते मास्तरांच्याच समाजातले, दसऱ्याला घरी येणारे-जाणारे. शाळा सुटली की वाणी दुकानात बसून पत्रा आखायची. ट्रंकेच्या कोपऱ्यांना त्रिकोणी तुकडे ठोकतात. डाव्या कोपऱ्याचा तुकडा कापला की उजव्यासाठी पुन्हा माप घ्यायचं नसतं. तोच तुकडा पलटून ठेवायचा आणि कडेने खिळ्याने रेघ मारायची. ज्या तुकड्याच्या दोन बाजू सारख्या, तो पलटला तरी आपल्याच जागी चपखल बसतो. वाणीने हे हजार वेळा केलं होतं.

सहामाहीच्या पेपरात प्रश्न आला: त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असतील तर त्यांच्यासमोरचे कोनही सारखे असतात, हे सिद्ध करा. मास्तरांच्या नऊ ओळी ठरलेल्या होत्या. वरच्या कोनाचे दोन सारखे भाग करणारी रेघ खाली आणायची, एका त्रिकोणाचे दोन करायचे आणि बाकोबा लावायचा. चाळीस पोरांनी नऊ ओळी लिहिल्या. वाणीने तीन लिहिल्या. रचनेच्या मथळ्यापुढे लिहिलं, 'लागत नाही'. खाली लिहिलं: त्रिकोण एबीसी घ्या आणि तोच पलटून एसीबी म्हणून घ्या. एबी बरोबर एसी, एसी बरोबर एबी, मधला कोन तोच. बाकोबा. म्हणून कोन बी बरोबर कोन सी.

मास्तरांनी लाल शाईने फुली मारली. शेजारी लिहिलं, 'रचना कुठे आहे? एकच त्रिकोण दोनदा!' आणि चारपैकी शून्य.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पेपर वाटताना त्यांनी तिला फळ्याजवळ बोलावलं.

"काय वाणीबाई, एका त्रिकोणाचे दोन झाले?"

"पलटला सर, म्हणून."

"असं? मग सकाळी आरशात बघतेस तेव्हा दोन वाण्या होतात काय? दोघींना दोन डबे देते काय आई?"

वर्ग खो खो हसला. मास्तरांचे विनोद वर्गात नेहमीच चालायचे, कारण न चालवण्याची कुणाची टाप नव्हती. वाणी हसली नाही. तिने खाली बघत विचारलं, "सर, पण तुमची ती रेघ बरोबर तिथंच काढायची, हे कसं कळलं?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना एकदाच विचारला गेला. मास्तर म्हणाले, "पुस्तकात आहे. लिही." आणि बरोबर सिद्धता दहा वेळा लिहून आणायची शिक्षा दिली.

तो शुक्रवार होता. रविवारी सकाळी भागीरथीबाईंनी डब्याच्या तळाशी घालायला कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून ठेवलं. मास्तरांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी कात्री घेतली आणि दोन बाजू सारख्या असलेला एक त्रिकोण कापला. टेबलावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. मग उचलून पलटला आणि ठेवला. चपखल बसला. पुन्हा पलटला, पुन्हा बसला. मग त्यांनी कागद घेऊन वाणीच्या तीन ओळी लिहिल्या आणि एकेका ओळीत खोट शोधायला लागले. खोट नव्हती. दोन बाजू आणि मधला कोन जुळले की त्रिकोण जुळतात, मग तो दुसरा त्रिकोण पहिल्याचाच पलटलेला का असेना. तो वेगळाच हवा असं कुठे लिहिलं आहे? त्यांच्या नऊ ओळींपेक्षा त्या तीन स्वच्छ होत्या. ज्या रेघेसाठी ते वर्षानुवर्षं पोरांना उभं करत होते ती रेघ मुळात लागतच नव्हती.

"काय करता हो? पान द्या की इकडं," भागीरथीबाई म्हणाल्या.

"काही नाही," मास्तर म्हणाले आणि त्रिकोण खिशात घातला.

अशा वेळी शिक्षकाला आनंद व्हायला हवा. मास्तरांना झाला नाही, आणि हे त्यांनी पुढे स्वतःशी कबूल केलं. त्यांना राग आला. एकवीस वर्षं ते हा सिद्धांत शिकवत होते, वर्षाला दोन तुकड्या. त्यांना हे एकदाही सुचलं नाही आणि पत्रा ठोकणाऱ्याच्या पोरीला परीक्षेच्या बाकावर सुचलं. तरी सोमवारी ते वर्गात गेले ते सांगायचं ठरवूनच. खिशात त्रिकोण होता. पण वाणीने वही पुढे केली. नऊ ओळी, दहा वेळा, मोत्यासारख्या अक्षरात, प्रत्येक ओळीला नंबर, रचनेखाली पट्टीने आखलेली रेघ. एवढी नीट वही सबंध वर्गात कुणाची नव्हती. मास्तरांनी वहीकडे पाहिलं, वाणीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "शाब्बास."

मग जे झालं ते मास्तरांच्या पद्धतीला धरूनच झालं. वाणीने पुन्हा कधी काही पलटून पाहिलं नाही. दहावीला गणितात अठ्ठ्याण्णव मार्क पडले. शंभूराव पेढे घेऊन मास्तरांकडे आले. त्या काळी त्यांच्या लोकांत अशी रीत होती की पोरांनी पुढे काय शिकायचं ते घरात ठरत नसे, मास्तरांच्या ओसरीवर ठरत असे.

"मेष्ट्रे, पोरगी सायन्स घेते म्हणते. गणित करायचं म्हणते पुढं. मला काय गोत्तिल्ल, त्यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते, अष्टे, बास."

मास्तर थोडा वेळ गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा हिशेब ते आजही मांडतात. मोठ्या कॉलेजात कुणीतरी कधीतरी वाणीला सांगेल की तुझं ते उत्तर बरोबर होतं, ही भीती त्यांच्या मनात होती. ती भीती तेव्हा त्यांनी स्वतःलाही दाखवली नाही. ते म्हणाले, "हुशार आहे हो. पण घाईची आहे, स्टेप्स गाळते. सायन्सला टिकायची नाही. कॉमर्स घाला." शंभूरावांनी वाकून नमस्कार केला.

वाणी बी.कॉम. झाली, हेब्बाळला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागली, असं कानावर आलं. मास्तर निवृत्त झाले, कुवेंपुनगरात राहायला गेले. शंभूराव वारले. भागीरथीबाईंना मास्तरांनी एकदा सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग जाऊन सांगा की तिला. तोंड आहे ना?" मास्तर म्हणाले, "आता काय उपयोग." हा 'आता काय उपयोग' त्यांनी पंधरा वर्षं वापरला.

गेल्या वर्षी ऑगस्टअखेर फोन आला. "सर, मी वाणी. ट्रंकवाल्या शंभूरावांची. ओळखलं काय?" कारखाना सोडून बारा वर्षं झाली, आता वडिलांच्या दुकानाच्या माडीवर गणिताची ट्यूशन घेते, शिक्षकदिनाला मास्तरांचा सत्कार करायचा आहे, नाही म्हणायचं नाही. मास्तर फोन ठेवून बराच वेळ तिथेच उभे राहिले. गणित! म्हणजे पोरगी गणितापर्यंत आपल्या पायांनी परत आली होती. त्यांना वाटलं, देवानेच बोलावणं धाडलं. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यांनी एक त्रिकोण कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि खिशात ठेवला.

"या वेळी सांगून या," भागीरथीबाई दारातून म्हणाल्या. "नाहीतर डोक्यावर पेटा घालून मिरवून याल नुसते."

माडीवर चाळीसेक मुलं चटयांवर बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर स्पायरल बाइंडिंगची एक वही. मास्तरांनी एक हातात घेतली आणि उघडली. त्यांच्याच नोट्स होत्या. दत्त, साधनीय, रचने, साधने, ओळीला नंबर, नऊच्या नऊ. वर छापलेलं होतं, 'तुकोजीराव सर मेथड'. भिंतीवर बारा वर्षांचे निकाल लावले होते. सगळे शंभर टक्के.

त्यांच्या डोक्यावर जरीचा म्हैसुरी पेटा ठेवला, शाल पांघरली, गळ्यात हार घातला. पेटा थोडा मोठा होता, कानावर उतरत होता. वाणी कन्नडमध्ये बोलायला उभी राहिली. आता बेचाळिशीची बाई, आवाज खणखणीत. म्हणाली, मी नववीत असताना फार शहाणी होते. एकच त्रिकोण दोनदा लिहिला! सरांनी विचारलं, आरशात बघून दोन वाण्या होतात का, दोघींना दोन डबे लागतात का? मुलं खो खो हसली. अगदी तसंच हसली. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर आलं, म्हणून आज मी इथे उभी आहे, असं म्हणून वाणी वाकून मास्तरांच्या पाया पडली.

मास्तर उठले. पेटा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने त्यांनी खिशातून पुठ्ठ्याचा त्रिकोण काढला. म्हणाले, "मुलांनो, तुमच्या मिसचं ते उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती." त्यांनी फळ्यावर त्रिकोण टेकवला, खडूने आखला, पलटून पुन्हा त्याच जागी ठेवला आणि तीन ओळी समजावून सांगितल्या. मुलांनी मोठ्या माणसाचं भाषण ऐकावं तसं ऐकलं. पुढच्या रांगेतल्या एकीने विचारलं, "सर, असं लिहिलं तर परीक्षेत मार्क देतात?" मास्तरांनी वाणीकडे पाहिलं. वाणी हसून मुलांना म्हणाली, "पाहिलंत? एवढा मोठा माणूस, पण मन किती मोठं!" आणि तिने टाळ्या सुरू केल्या. टाळ्यांत मास्तरांचं बोलणं विरून गेलं.

मुलं गेल्यावर वाणीने कॉफी आणली. मास्तर म्हणाले, "वाणी, मी मन मोठं करून बोललो नाही. ते खरंच बरोबर होतं."

"ठाऊक आहे की सर," वाणी सहज म्हणाली. "बारा वर्षं हाच थिअरम फळ्यावर लिहिते. एवढं कळणार नाही काय मला?"

"मग पोरांना तसं का सांगतेस?"

"हसतात ना. हसली की मग कोणी उलटं काही विचारत नाही, गप्प लिहितात. तुमचंच बघून शिकले, अल्लवा?" तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. मास्तरांना ती असती तर बरं वाटलं असतं. मग तीच पुढे म्हणाली, "आणि तुम्हाला तेव्हा कळलं नाही, ते मी कधी मनाला लावून घेतलं नाही सर. प्रत्येकाला सगळं कुठं कळतंय? बिडी, सोडा ते."

तिने वाट काढून दिली होती. मास्तरांना त्या वाटेने निघून जाता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्यांचा तो विचार झालाही. पण कॉफीचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "मला कळलं होतं. त्याच रविवारी."

"कुठल्या?"

"तू दहा वेळा लिहून आणलंस त्याच्या आदल्या दिवशी."

वाणीने टेबलावरचा पुठ्ठ्याचा त्रिकोण उचलला. अंगठ्याने कड चाचपली, बापासारखी. एकदा पलटला, ठेवला.

"तुम्ही शाब्बास म्हणालात की हो मला."

"म्हणालो."

"आणि अप्पा विचारायला आले, तेव्हाही ठाऊक होतं?"

"तेव्हाही."

तिने त्रिकोण पुन्हा पलटला. मग म्हणाली, "अप्पा शेवटपर्यंत म्हणायचे, मास्तरांनी बरोबर वाट दाखवली म्हणून."

मास्तरांना माफी मागायची होती. घरून निघताना वाक्यही जुळवून आणलं होतं. पण जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि सहाची बॅच आत आली. वाणीने डोळे पदराने टिपले, त्रिकोण टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लोटून दिला. "सावकाश उतरा सर. तिसरी पायरी तुटकी आहे," म्हणाली आणि फळ्याकडे गेली.

मास्तर अर्ध्या जिन्यात असताना वर पाठ सुरू झाला. दत्त. साधनीय. रचने: कोन एचा दुभाजक काढा. बाकोबाला तोच जोर. मग मध्येच एका पोरीचा बारीक आवाज आला, कन्नडमध्ये: "मिस, ती रेघ तिथंच काढायची हे कसं कळतं?"

मास्तर थांबले. कठडा घट्ट धरून वर बघत राहिले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज येतो का, म्हणून त्यांनी श्वास रोखून ऐकलं.

"पुस्तकात आहे," वाणी म्हणाली. "लिही."

आवाज वाणीचा होता. बाकी सगळं मास्तरांचं होतं. पोरीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आता ठाऊक होतं: ती रेघ लागतच नाही, बाळ. दहा पायऱ्या चढून एवढंच सांगायचं होतं. वर चाळीस पेनं एकदम चालू लागली. मास्तरांनी कानावर आलेला पेटा सारखा केला आणि ते खाली उतरले.